पाचवीला कुठे घालायचं? नणंद-भावजयीचं एक बोलणं

चौथीचं प्रगतिपुस्तक हातात पडलं की महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या घरांना एक निर्णय घ्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो कुणी नीट बसून, बोलून घेत नाही. जिल्हा परिषदेची गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे हायस्कूल, आणि ते बहुधा तालुक्याला नाहीतर बाजाराच्या गावी. ‘चुलतभाऊ जातोच आहे, हिलाही धाडा त्याच्याबरोबर,’ एवढ्यावर दाखला काढला जातो. दहा वर्षांच्या पोरीच्या रोजच्या जगण्यात त्या एका जूनमध्ये जेवढी उलथापालथ होते, तेवढी दहावीनंतर कॉलेजात जातानाही होत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे बोलणं सविस्तर मांडतो आहे.

बोलणाऱ्या दोघी नणंद-भावजय आहेत. गाव सातारा जिल्ह्यातलं. वहिनी शेती पाहतात आणि गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहेत. ताई तालुक्याच्या हायस्कूलमध्ये पाचवीच्या वर्गशिक्षिका आहेत. वहिनींची मुलगी, म्हणजे ताईंची भाची, यंदा चौथी पास झाली. जीव दोघींचाही तिच्यावर सारखाच, पण मतं जुळत नाहीत.

वहिनी : ताई, मी स्पष्टच बोलते. एक वर्ष तिला गावातच राहू द्या. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आहे. आपल्या राज्याच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. मग चौथी झाल्या झाल्या सहा किलोमीटर का हिंडायचं? पाचवीचा वर्ग गावातच जोडून द्या, असा आम्ही समितीत ठरावच केलाय.

ताई : ठराव केलात ते बरं केलंत. पण वर्ग जोडला तर शिकवणार कोण? साठ पटापर्यंत दोनच शिक्षक मिळतात. आज ते दोघं चार वर्ग ओढतात, उद्या पाच ओढतील. त्यातले एक गुरुजी पंचायत समितीत मीटिंगला गेले की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. अपूर्णांकाची बेरीज शिकायच्या वेळी पोरगी पहिलीतल्या मुलांची पाटी तपासत बसणार. गावातलं तिचं हे वर्ष सुरक्षित जाईल, पण शिकण्यात जाईल का?

वहिनी : तुमच्याकडे वर्गात किती मुलं आहेत?

ताई : साठच्या आसपास.

वहिनी : मग? इथे चाळीस पोरांना दोन माणसं आहेत. तिथे साठ पोरांना तासाला एकच. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण एक विचारते. मे महिन्याच्या उन्हात तुमचे सर लोक दारोदार फिरून चौथीचे दाखले गोळा करतात, ते पोरांच्या भल्यासाठी का तुकडी टिकावी म्हणून?

ताई : तुकडी टिकावी म्हणून. मीही फिरते. पाचवीचा पट घसरला की पद अतिरिक्त ठरतं आणि एखाद्या शिक्षकाला दुसऱ्या टोकाच्या शाळेत जावं लागतं. हे मी तुमच्यापासून कशाला लपवू? पण माझ्या नोकरीचा स्वार्थ आहे म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नाही, वहिनी.

चौथीनंतरच शाळा का बदलायची, याचं उत्तर बरंच जुनं आहे. मुंबई इलाख्यात मुलं मराठी चौथी करून इंग्रजी पहिलीत जात, आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. इंग्रजी सुरू व्हायचं तिथेच शाळाही बदलायची. पुढे अकरावीची एस.एस.सी. गेली आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासूनच आलं. म्हणजे पाचवीला शाळा बदलण्यामागचं मूळ कारण संपलं. २००९ च्या कायद्याने प्राथमिकची हद्द पाचवीपर्यंत नेली. इमारती, तुकड्या आणि शिक्षकांची मंजूर पदं मात्र अजून जुन्याच हद्दीवर उभी आहेत. ताई आणि वहिनी ज्या मुद्द्यावर भांडताहेत, तो दोघींपैकी कुणीच तयार केलेला नाही.

ताई : बरं, कायदा बाजूला ठेवू. ती आली माझ्या वर्गात, असं धरून चाला. घरात काय काय बदलेल ते सांगते, मग ठरवा.

वहिनी : सांगा. पण शाळेच्या माहितीपत्रकातलं नको. खरं तेच सांगा.

ताई : गावात एक गुरुजी तिला चार वर्षं ओळखत होते. ती जेवली नाही तर त्यांना कळायचं. तुमच्या घरात काही वाजलं तर दुसऱ्या दिवशी तिच्या अक्षरावरून कळायचं. माझ्याकडे दर तासाला माणूस बदलतो. मी वर्गशिक्षिका, पण माझे दिवसाला दोन तास. गणिताच्या सरांना तिचं गणित दिसतं, हिंदीच्या बाईंना हिंदी, पी.टी.च्या सरांना ती रांगेत कितवी उभी आहे ते. सगळी पोरगी, अशी, कुणालाच दिसत नाही.

वहिनी : कुणालाच म्हणजे?

ताई : निदान दिवाळीपर्यंत तरी नाही. साठ चेहरे आणि साठ नावं जुळवण्यातच आमची पहिली सहामाही जाते. गप्प बसणारी पोरं सगळ्यांत शेवटी ओळखीची होतात. तुमची गप्प बसणाऱ्यांतली आहे. आजवर जे काम गुरुजी करत होते ते आता घराकडे येतं, आणि घराला तसं कुणी सांगत नाही. शाळा वाटतं आईबाप बघतील, आईबाप म्हणतात आता मोठ्या शाळेत गेली, सर बघतील.

वहिनी : बघायचं म्हणजे करायचं काय? मला पाचवीची हिंदी यायची नाही.

ताई : हिंदी नकोच यायला. पहिला महिनाभर रोज रात्री तिच्याशेजारी बसून दप्तर भरा. वेळापत्रक काय असतं ते तिला ठाऊकच नाही. चौथीपर्यंत गुरुजी म्हणतील ते पुस्तक उघडायचं. इथे सोमवारी सात तास सात विषयांचे, मंगळवारी क्रम वेगळा. मुलं घाबरून सगळी पुस्तकं, सगळ्या वह्या रोज वाहतात. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, असा सरकारचा आदेश २०१५ चा. माझ्या वर्गातल्या पंचवीस किलोच्या पोरी सहा-सहा किलो ओढत एस.टी.तून उतरतात. विचारलं तर म्हणतात, एखादी वही राहिली तर सर उभं करतील. वेळापत्रकाचा कागद भिंतीला चिकटवा. तिलाच वाचायला लावा आणि तिलाच भरू द्या. तुम्ही फक्त शेजारी बसा.

वहिनी : तेवढं जमेल.

ताई : आणि प्रत्येक वहीवर त्या विषयाच्या शिक्षकांचं नाव लिहून ठेवायला सांगा. चौथीत ‘गुरुजी’ म्हटलं की भागायचं. इथे पोरांना महिना-महिना कळत नाही की आपल्याला परिसर अभ्यास समजला नाही तर विचारायचं कुणाला.

इथे मला ताईंचं पटतं. नव्या शाळेची काळजी म्हटली की पालक अभ्यासक्रमाकडे बघतात. पाचवीत हिंदी नव्याने येते, सहावीत परिसर अभ्यासाचं विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असं वेगवेगळं होतं, हे खरंच आहे. पण पोरं अभ्यासापेक्षा शाळेच्या रीतीत जास्त अडकतात: कुठल्या खोलीत जायचं, कुणाला विचारायचं, डबा कुठे खायचा, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर उभं राहायचं.

वहिनी : आता माझं ऐका. एस.टी.चं काय? अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पाचवीपासून पास फुकट आहे, ते मला ठाऊक आहे. पास फुकट असून काय उपयोग, गाडीच थांबत नसेल तर? साडेनऊची गाडी वरच्या गावांतूनच भरून येते. संध्याकाळी शाळा सुटते पाचला, गाडी साडेपाचला, ती चुकली की थेट सातला. शनिवारी सकाळची शाळा. त्या वेळेला फक्त मुक्कामाची गाडी, ती सहाला निघते. थंडीत अंधार असतो. दहा वर्षांची पोर पावणेसातला बंद फाटकापाशी बसून काय करणार?

ताई : शनिवारचा प्रश्न खरा आहे. आमच्या वरच्या गावांतली निम्मी मुलं शनिवारी येतच नाहीत, आणि आम्ही शेरा लिहितो, ‘अनियमित’.

वहिनी : गाडी आम्ही नाही चुकवत, ताई. शेरा मात्र आमच्या पोरांच्या नावावर.

ताई : मान्य. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नका, असा आदेश २०२४ मध्ये निघाला. तोही चौथीपाशीच थांबला. म्हणजे मार्चमध्ये जिची झोप महत्त्वाची होती, जूनमध्ये तिचीच उरली नाही. हे मी मुख्याध्यापकांना बोललेय. पुन्हा बोलीन.

वहिनी : आणि पाण्याचं?

ताई : कसलं पाणी?

वहिनी : वरच्या आळीतली पोर मागच्या वर्षी तुमच्याकडे आली. तिची आई सांगते, सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. विचारलं तर पोर म्हणते, पाणी प्यायलं की जावं लागतं. तुमच्या शाळेत मुलींच्या बाजूची कडी लागते का?

ताई : (जरा वेळाने) दोन दारांना लागते. तिसऱ्याला नाही. त्या बाजूला रांग मोठी असते आणि सुट्टी दहा मिनिटांची. भरलेल्या बाटल्या मलाही दिसतात, वहिनी. पण तो मुद्दा मी कधी लावून धरला नाही.

वहिनी : मग दाखले गोळा करायच्या आधी कडी बसवा.

ताई : बसवते. पण त्याच्याच शेजारचं एक काम तुमचं आहे. तिला पाळीबद्दल सांगितलंत का?

वहिनी : आत्ता कुठे दहा पूर्ण झाली!

ताई : माझ्या वर्गात दरवर्षी एखादीला येतेच. सहावीत चार-पाच जणींना. जिला घरी कुणी सांगितलेलं नसतं, तिला वाटतं आपल्याला काहीतरी लागलंय. ती दप्तर मागे धरून भिंतीला टेकून उभी राहते, कुणाशी बोलत नाही. एक पोरगी एस.टी.त बसलीच नाही, चालत घरी गेली. जून उजाडायच्या आत सांगा. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक पॅड, एक जादा निकर आणि जुना पंचा, असं एका पिशवीत घालून ठेवा. आणि शाळेत कुणाकडे जायचं ते नाव सांगा. ‘बाईंना सांग’ म्हणू नका, कारण बाई सहा आहेत. माझं नाव सांगा.

वहिनी : ते माझ्या जिभेवर यायचं नाही. आमच्या आयांनी आम्हाला कुठे सांगितलं होतं?

ताई : म्हणून तर म्हणते. सुट्टीत मी इथेच आहे, आत्या म्हणून सांगते. तुम्ही फक्त शेजारी बसा. नंतर ती तुम्हालाच विचारेल.

मुलगे यातून सुटतात असं कुणी समजू नये. त्यांच्या वाट्याला मोठ्या वर्गातल्या पोरांची टपली, नळावरची ढकलाढकली आणि घरी येऊन काहीच न सांगणं येतं. मुलगी चालत घरी आली तर निदान कळतं. मुलगा पोटात दुखतं म्हणून घरी राहतो, आणि पोटदुखीवरच औषध होतं.

वहिनी : मार्कांचं बोला. चौथीत हिला सगळीकडे अ-१ आणि अ-२ आहे.

ताई : पहिल्या चाचणीत ते राहणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. पोरगी तीच असते, तपासणारे हात बदलतात. गुरुजी तोंडी विचारून, समजून घेऊन श्रेणी देत होते. इथे वीस मार्कांची लेखी, वेळ संपली की कागद ओढला. बारा पडले तर घरात अंत्ययात्रा काढू नका.

वहिनी : पण आता पाचवीत नापास करतात म्हणे?

ताई : २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. प्रत्येक विषयात पस्तीस टक्के हवेत. नाही पडले तर शाळेने जादा शिकवून पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. पण शाळेतून कुणी काढू शकत नाही, आठवीपर्यंत तो तिचा हक्क आहे. मार्चमध्ये घाबरण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये येऊन मला विचारा.

वहिनी : क्लास लावायचा का?

ताई : नको. साडेनऊला निघालेली पोर सहाला घरी येते, त्यापुढे क्लास म्हणजे तिला खेळायला रविवारच उरला.

वहिनी : बाकीच्या सगळ्यांनी लावला तर?

ताई : तरीही नको.

वहिनी : तुमचं तुमच्यापाशी. गणितात मागे पडायला लागली तर मी लावणार. आणि सेमीचं काय ते सांगा. गणित इंग्रजीतून, सहावीपासून विज्ञानही. फॉर्मवर लगेच टिक करायला सांगतात.

ताई : तिला मराठीतला शाब्दिक उदाहरणाचा अर्थ एकदा वाचून लागतो का, ते आधी बघा. लागत असेल तर सेमी चालेल. नसेल तर गणित आणि इंग्रजी दोन्ही बुडतील. शेजारणीने केलं म्हणून टिक करू नका, एवढंच.

वहिनी : आता माझं शेवटचं, आणि याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर मी आजच दाखला काढते. नवोदयला बसवायचंय तिला.

ताई : बसवा की. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश. प्रत्येक नवोदयमध्ये ऐंशी जागा. लागली तर उत्तमच.

वहिनी : त्यातल्या किमान पंचाहत्तर टक्के ग्रामीण मुलांना. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढायला लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत गेला तरी उमेदवार शहरी धरतात. तुमचं तालुक्याचं गाव आता नगरपंचायतीत आहे, ताई. पाचवीला तुमच्याकडे घातली की हिचा ग्रामीण कोटा गेला.

ताई : हे... खरं आहे. हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

वहिनी : तुमच्या शाळेने वरच्या गावांतल्या एकाही आईला हे सांगितलेलं नाही. दाखला घेऊन जाताना कुणी बोललं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वर्गात जादा तास घेऊन नवोदयची तयारी मात्र करून घेतात.

ताई वाद जिंकल्या की हरल्या, हे मला महत्त्वाचं वाटत नाही. पण वहिनींचा हा मुद्दा ऐकून माझं मत पक्कं झालं. जिथे गावात पाचवीला खरोखर शिकवणारा शिक्षक मिळतो, तिथे मुलीला अकरा वर्षांची होईपर्यंत गावातच ठेवावं, आणि सहावीला हायस्कूलला पाठवावं. जिथे शिक्षकच मिळत नाही, तिथे ताई म्हणतात ते बरोबर: नुसता वर्ग जोडल्याने शाळा होत नाही. यात एकच नियम सगळ्या गावांना लावता येत नाही, आणि ज्या घरातली मुलगी त्या घराला दोन्ही बाजू माहीत असायला हव्यात.

ताई : बरं, वहिनी. पंधरा जूनपर्यंत तुम्हाला तिसरा शिक्षक मिळाला तर ती गावात. नाही मिळाला तर माझ्याकडे. चालेल?

वहिनी : मिळाला नाही तर नवोदयच्या शहरी जागांतून लढेल. पण दाखला काढायचा तर आधी मी तो नीट वाचणार. नाव, आईचं नाव, जन्मतारीख. जावेच्या मुलाची तारीख चुकली ती दहावीपर्यंत तशीच गेली, मग अर्ज करत फिरले.

ताई : वाचाच. सही करायच्या आधी वाचा. आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून कुठलीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हेही गावात सगळ्यांना सांगा. आठवीपर्यंत तसा कायदाच आहे.

वहिनी : डबा द्यायचा का? खिचडी असते ना आठवीपर्यंत?

ताई : असते. पाचवीपर्यंत शंभर ग्रॅम तांदूळ, सहावीपासून दीडशे. पण ती साडेनऊला घर सोडणार आणि खिचडी दीडला. भाकरीचा डबा द्याच.

वहिनी : मग आता तुम्ही एक करा. पालकसभा तुमच्या शाळेत ठेवता, शनिवारी, चार वाजता. आमच्यातल्या कोण येणार? भांगलणीचे दिवस असतात. सभा आमच्या गावात घ्या. देवळात सतरंजी आम्ही घालू. वर्गशिक्षक, गणिताचे सर, हिंदीच्या बाई, सगळे येऊ देत. आम्हाला चेहरे कळतील, त्यांना आमच्या पोरी कुठून येतात ते कळेल. एस.टी.च्या आगारप्रमुखालाही बोलवा, शनिवारचं विचारू.

ताई : मुख्याध्यापक म्हणतील, पायंडा पडेल.

वहिनी : पडू दे की. दाखले न्यायला येताच ना वरपर्यंत?

ताई : येतो. बरं, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. बुधवारी संध्याकाळी सात?

वहिनी : बुधवारी बाजार असतो, बायका दमून येतात. गुरुवार धरा. आणि साडेसात, धारा काढून होईपर्यंत कुणी यायचं नाही.